दगडूची वाटी

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी विरेश बिराजदार आपल्या दुकानात जमिनीवर उकिडवा बसून फ्लेक्सच्या उलट्या बाजूवर चौकोन आखत होता. फ्लेक्स वाढदिवसाचा होता. छापताना मध्येच निळा रंग संपला आणि ज्याचा वाढदिवस त्याचं तोंड लालभडक निघालं, म्हणून गिऱ्हाइकानं तो घेतला नाही. विरेशला अशा वाया गेलेल्या फ्लेक्सचं वाईट वाटत नाही. त्यांची मागची बाजू पांढरी असते. तिच्यावर तो मार्करनं इंचाइंचाचे चौकोन पाडतो आणि मग त्यांत भिंती, पायऱ्या, पाणी दाखवतो. उद्या तिथं एक बारव असणार होती, आणि बारवेत दोन डोक्यांची तरसं.

सास्तूरच्या रस्त्यावर त्याचं हे दुकान आहे. आठवडाभर वाढदिवस, निवड, श्रद्धांजली. रविवारी दुपारी शटर अर्धं खाली येतं आणि आत खेळ सुरू होतो. गावात पहिल्यांदा लोकांना जुगाराचा संशय आला होता. विरेशनं शटर पूर्ण न लावता अर्धं ठेवायला सुरुवात केली ती तेव्हापासून. ज्याला बघायचं त्यानं वाकून बघावं.

पुण्यात छापखान्यात कामाला असताना खोलीवरच्या दोघांनी त्याला हा खेळ शिकवला. यात जिंकणं-हरणं नसतं. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी तिरंदाज, कुणी जादूगारीण. आपला माणूस काय करतो ते ज्यानं त्यानं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. वाटेत आडवे येणारे राक्षस, जनावरं, भुतं मात्र सगळी सांगणाऱ्याच्या वाट्याची. विरेश सांगणारा होता.

लढाई लागली की सांगणाऱ्याची कसोटी असते. खेळाडूला एक माणूस सांभाळायचा, याला दहा जनावरं. कुणाची पाळी कधी, कुणाचा जीव किती उरला, कुणाला अंधारात दिसतं, कोण आगीला भितं, कुणाच्या चाव्यानं विष चढतं, हे सगळं एकाच डोक्यात. पहिल्या वर्षी विरेशच्या लढाया चिखलात रुतलेल्या गाडीसारख्या चालायच्या. भागवत त्याचा शाळेपासूनचा दोस्त, उसाचा ट्रॅक्टर चालवतो. तो एकदा वैतागून म्हणाला, "विरू, तुझ्या राक्षसाची पाळी येऊस्तोवर माझा माणूस म्हातारा होऊन मरतोय बघ. लढाईची गरजच न्हाय."

मग विरेशनं आपल्या पद्धती बसवल्या. बारकी जनावरं म्हणजे चिंचोके, मोठी म्हणजे सोड्याची झाकणं. झाकणावर खडूनं खूण. जीव मोजायला ज्वारी. प्रत्येक खेळाडूची स्टीलची एक वाटी, तिच्यात त्याच्या माणसाच्या जीवाएवढे दाणे. वार लागला की दाणे उचलून डब्यात टाकायचे, लढाई संपून माणूस बरा झाला की डब्यातून पुन्हा भरून घ्यायचे. वाट्या आठवडाभर दुकानातल्या फळीवर असतात. हिशेब कुणाला विचारावा लागत नाही, वाटीत डोकावलं की कळतं. लढाया पळू लागल्या.

मोजदाद अशी शिकता येते. शिकायला जड जाते ती दुसरी गोष्ट: कुठल्या जनावरानं कुणावर झडप घालायची. भुकेलं जनावर एक बघतं, चिडलेलं दुसरंच बघतं. आणि त्याच वेळी सांगणाऱ्याला खेळणाऱ्यांकडंही बघावं लागतं. लढाई फार सोपी झाली तर लोक जांभया देतात, फार अवघड झाली तर वर्षभर जपलेला माणूस मरतो. विरेशला वाटायचं, हे आपल्याला आता जमतं.

आबाराव सर आले ते क्षमामुळं. क्षमा त्यांची मुलगी, लोहाऱ्याला एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला. ती आधीपासून खेळायची. आई, केशरबाई, गेल्यावर सर घरात बसून राहायला लागले. एका रविवारी ती त्यांना सोबत घेऊनच आली. "बाबा नुसतं बघतील," म्हणाली.

दुकानातले दोघं ताडकन उभे राहिले. सरांनी विरेशलाही गणित शिकवलं होतं आणि भागवतलाही. विरेशला शाबासकी मिळाली होती, भागवतला छड्या.

सरांनी त्या दिवशी नुसतं बघितलं नाही. प्रत्येक नियम का आहे ते विचारलं. पुढच्या रविवारी आपली वाटी घेऊन आले. त्यांना ढालकरी व्हायचं होतं, सगळ्यांच्या पुढं उभा राहून मार अंगावर घेणारा. नाव ठेवलं दगडू.

"सर, दगडू?" भागवत म्हणाला. त्याच्या तिरंदाजाचं नाव रणझुंजार होतं. "राजाबिजा व्हा की. हितं काय कुणी दाखला मागत न्हाय."

"राजा मागं उभा असतो, भागवत. मला पुढं उभं राहायचंय."

आणि दगडू पुढं उभा राहिला. प्रत्येक लढाईत, प्रत्येक दारात, प्रत्येक पुलावर. अडचण एकच होती. त्याला कुणी मारत नव्हतं.

हे विरेशनं ठरवून केलं नव्हतं. चिंचोका हातात घेऊन तो फ्लेक्सवर सरकवायचा. हात दगडूच्या चौकोनापर्यंत जायचा आणि तिथं वळायचा. ज्या माणसासमोर तो अजून खुर्चीवर टेकत नव्हता, त्याला "तुमचा गळा धरला" असं कसं म्हणायचं? जीभ रेटायची नाही. मग लांडगा ढालीला बिचकायचा, सांगाडा पाय घसरून पडायचा आणि चोर नेमका रणझुंजारच्या मागं लागायचा. कधी दगडूवर वार करणं भागच पडलं, तर विरेश जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याआड फासा टाकायचा, किती पडले ते एकटाच बघायचा आणि म्हणायचा, "हुकला." सांगणाऱ्यानं फासा झाकून टाकायचा, ही पुण्याहून आलेली रीत होती. तिथं ती गंमत टिकावी म्हणून होती.

एकदा वेशीवरचा राक्षस दगडूला म्हणाला, "तुमी जरा बाजूला व्हा."

भागवत पोट धरून हसला. "आरं, राक्षस अहोजाहो करायलाय! ह्याला पण सरांनीच शिकवलंय काय गणित?"

सगळे हसले. सरही हसले. विरेशनं राक्षसाचं वाक्य बदलून घेतलं, पण राक्षस गेला तो रणझुंजारकडंच.

असं बरेच महिने चाललं. मग एका रविवारी सरांनी आपली वाटी फळीवरून खाली घेतली, चष्मा वर केला आणि दोन दाणे तळहातावर घेतले. दाण्यांना भोकं होती. त्यांनी वाटी हलवली, तर तळाशी पीठ आणि एक काळा किडा.

"क्षमा, तुझी वाटी दाखव," सर म्हणाले. तिची ज्वारी स्वच्छ होती. भागवतची तर कालच्या मळणीतली असावी तशी.

"माझ्या जवारीला तेवढी कीड लागली," सर म्हणाले. "तुमचे दाणे दर रविवारी डब्यात जातात, नवे येतात. माझे पहिल्या दिवशी घातलेलेच आहेत."

भागवतनं चहा सांगायच्या निमित्तानं शटरखालून बाहेर डोकं काढलं, पण गेला नाही.

"सर, ते नशीब..." विरेश म्हणाला.

"गणित शिकवलंय मी तुला. एवढं नशीब नसतं." सरांनी किडा टिचकीनं उडवला. मग वर्गात उदाहरण सांगावं तशा आवाजात सांगितलं, "लहानपणी आमच्या गावात आम्ही हुतुतू खेळायचो. मूळ गावात, नदीपलीकडं. मास्तर चांगले होते, आमच्या वस्तीतल्या पोरांनाही खेळायला लावायचे. मी दम धरून आत गेलो की पलीकडची पोरं मागच्या रेघेपर्यंत सरकायची. पकडायचं तर अंगाला अंग लावावं लागतं ना. घरी कळलं तर त्यांना मार बसायचा. मी परत यायचो. सगळे म्हणायचे, आब्या लई चपळ, आब्या कुणाला घावतच न्हाय. मी कधीच बाद झालो नाही." त्यांनी वाटी खाली ठेवली. "मी चपळ नव्हतो."

विरेशच्या कानशिलांपर्यंत रक्त आलं. "सर, माझ्या मनात तसलं कायबी... मी मानानं केलं, सर."

"मला माहीत आहे. तसं असतं तर मी इथं चहा पिलो असतो का? पण दगडू मी कशासाठी घेतला? मार खायला. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला दुसरीकडं कुठं मिळणार आहे ते?" आणि मग मऊ आवाजात, "तू तुझं काम कर. राक्षसाला राक्षसाचं काम करू दे."

त्यांनी किडकी ज्वारी रस्त्याकडेच्या चिमण्यांना टाकली आणि डब्यातून नवी भरून घेतली.

तो आठवडाभर विरेशनं तयारी केली. भग्न किल्ल्यातला जिना, वरून उतरणारी दोन डोक्यांच्या तरसांची टोळी, आणि खालच्या खोलीत अडकलेली गावची माणसं. जिना अरुंद होता, त्यात एकच माणूस उभा राहू शकत होता. अशा जागी तरसांना वळायला वाट नव्हती. त्याच्या हातालाही नव्हती.

पहिलं तरस दगडूवर पडलं आणि लागलं. विरेशनं आकडा सांगितला तेव्हा त्याचा आवाज जरा चिरका आला. सरांनी वाटीतले दाणे मोजून उचलले, डब्यात टाकले आणि मांडीवर थाप मारली.

"लागलं! अरे, लागलं! क्षमा, बघ."

"बाबा, हसायलाव काय? जीव चाललाय तुमचा."

"जाऊ दे की. ये रे, ये. आता दुसऱ्या डोक्यानं चाव!"

भागवत उभा राहून ओरडत होता, "सर, ढाल वर, ढाल वर!" त्याच्या बाणांनी दोन तरसं पडली. क्षमानं आपल्या जादूगारिणीचा उजेड जिन्यावर सोडला. चिंचोके एकेक करून फ्लेक्सवरून उठत होते आणि दगडूची वाटी रिकामी होत होती. विरेशनं आजवर घेतलेल्या लढायांतली ही सगळ्यात चांगली. कुणाची पाळी, कुणाचा जीव, कोण कुठं, काही चुकत नव्हतं. त्याला हातातली तरसं खरीच भुकेली वाटत होती.

"बाबा, मागं या, मी बरं करते तुमाला," क्षमा म्हणाली.

"दगडू मागं येत नसतो. आधी माणसं बाहेर काढा."

वाटीत पाच दाणे उरले तेव्हा टोळीतलं शेवटचं, सगळ्यात मोठं तरस खाली आलं. झाकणावर खडूची फुली होती. याचा वार लागला असता तर पाच दाण्यांत निभणार नव्हतं. विरेशनं पुठ्ठ्याआड फासा टाकला. एकोणीस. बारा पडले असते तरी पुरले असते.

त्यानं वर बघितलं. सरांचा चेहरा घामेजला होता, चष्मा नाकावर घसरला होता. केशरबाई गेल्यापासून त्यांना असं कुणी बघितलं नव्हतं. दगडू मेला तर पुढच्या रविवारी हे येतील का, हा विचार त्याच्या मनात आला. तो विचार तरसाचा नव्हता.

"हुकला," विरेश म्हणाला.

भागवतनं आरोळी ठोकली आणि मग ती मध्येच गिळली. मघाच्या नाचण्यात त्याच्या कोपराच्या धक्क्यानं पुठ्ठा बाजूला सरकला होता. विरेशला ते कळलंच नव्हतं. फासा उघड्यावर पडला होता आणि सर त्याच बाजूला बसले होते.

सरांनी फासा बघितला. मग विरेशकडं बघितलं. रागावलेले दिसत नव्हते. वर्गात कुणी उत्तर बरोबर काढून ते खोडून टाकलं, की ते असे बघायचे. त्यांनी वाटी उचलली, पाचही दाणे डब्यात ओतले आणि वाटी पालथी घातली.

"चांगला मेला असता रे, विरेश."

चप्पल घालून ते शटरखालून वाकून बाहेर पडले. क्षमा त्यांच्या मागं गेली. फ्लेक्सवर ते मोठं तरस जिन्यात तसंच उभं राहिलं, आणि खोलीत अडकलेली माणसं सुटली की नाही ते त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

नंतर विरेश त्यांच्या घरी गेला. सरांनी चहा केला. पावसाचा, माकणीच्या धरणातल्या पाण्याचा, फ्लेक्सच्या धंद्याचा विषय काढला. विरेश खुर्चीवर बसला, पहिल्यांदाच, मुद्दाम.

"सर, पुठ्ठा फेकून दिला म्या. आता फासे उघड्यावर टाकतो, सगळ्यांसमोर."

"चांगलं केलंस. भागवतला बरं पडेल."

"तुमी नवा माणूस घ्या. न्हायतर दगडूलाच..."

"दगडू मेलाय, विरेश. तू नाही म्हणालास तरी मेलाय."

"मग रविवारी?"

"बघू," सर म्हणाले. ज्यांना नाही म्हणायचं नसतं ते बघू म्हणतात, हे विरेशला माहीत होतं. चहा संपवून तो उठला. सर त्याला फाटकापर्यंत सोडायला आले.

तेव्हापासून खेळ तिघांचा झाला. विरेशनं फासे उघडे केले आणि आणखी एक गोष्ट केली. कुठल्या जनावरानं कुणावर जायचं तेही तो आता सहा बाजूंच्या साध्या फाशावर सोडतो. एक-दोन आला तर क्षमा, तीन-चार आला तर भागवत, पाच-सहा आला तर जनावर जागच्या जागी गुरगुरतं. हाताला वळायला जागा ठेवायची नाही, एवढाच त्याचा हेतू. लढाया त्यामुळं निर्मळ झाल्या आहेत आणि बेचव.

"तुझ्या लांडग्याला अक्कल न्हाय राहिली," भागवत गेल्या रविवारी म्हणाला होता. "जखमी माणूस म्होरं पडलाय अन् हे बेणं पाठ फिरवून खांबाकडं निघालंय. पयले राक्षस तरी बरे होते. अहोजाहो करायचे, पण डोस्कं होतं त्यास्नी."

विरेश हसला नाही. "फासा म्हणला तसं," एवढंच बोलला.

बारवेच्या पायऱ्या आखून झाल्या तेव्हा शटरपाशी स्कूटी थांबली. क्षमा होती. लॅबमधून परस्पर आलेली, हातमोज्यांच्या पावडरीचा पांढरा डाग बाहीवर. तिनं वाकून नकाशा बघितला.

"आता पाण्यात उतरवतोस व्हय आमाला?"

"बघ आता. तरसं हायत म्हणून सांगितलं तर यायची न्हाईस."

"मी येतेच." ती स्टुलावर बसली. "विरेशदादा, एक बोर्ड करायचाय. तीन बाय दोन. बाबांचा."

विरेशनं मार्करला टोपण लावलं.

"विहारात पोरांचे गणिताचे तास घ्यायलेत ते. दोन-तीन पोरं घरी येतच होती, आता वाढलीत. बोर्ड असला की बाकीच्यांना कळंल."

"कधी?"

"रविवारी. तीन ते पाच."

फ्लेक्सचं मशीन चालू होतं. कुणाची तरी शुभेच्छा इंचाइंचानं बाहेर येत होती.

"मी म्हणले बाबांना, पाचनंतर ठेवा," क्षमा म्हणाली. "तर म्हणाले, पाचला पोरांचं क्रिकेट असतंय, कोण बसंल. तेवढंच कारण हाय, दादा. दुसरं काय न्हाय त्यात."

"मी खेळ पाचला ठेवतो मग. भागवतच्या घरची गुरं सांजच्याला बघंल कुणीतरी."

"नको ठेवू." तिनं बाहीवरचा डाग झटकला. "येणार न्हाईत ते. मी विचारलं. म्हणाले, विरेशला सांग, राग न्हाय. खरंच न्हाय राग. पोरांचं काल सांगत होते मला, एका पोरीनं त्यांचंच गणित चुकलंय म्हणून भर तासात उभं राहून दाखवलं. लई खुश होते."

विरेशनं मान हलवली. मजकूर संगणकावर घेतला, अक्षरं दोनदा लहानमोठी करून बघितली आणि सरांच्या नावाचा रंग निळा ठेवला. निळा रंग काल भरून आणला होता. बोर्ड निघाला, त्यानं कडा कापल्या, चार कोपऱ्यांना रिंगा मारल्या आणि गुंडाळी करून क्षमाच्या हातात दिला. तिनं किती झाले विचारलं, त्यानं ऐकलं नसल्यासारखं केलं.

ती गेल्यावर त्यानं बारव पुरी केली. फळीवर तीन वाट्या होत्या. दोन भरलेल्या, एक पालथी. पालथी त्यानं पुसली आणि पुन्हा पालथीच ठेवली. मग चिंचोके मोजून पिशवीत भरले.

विहाराच्या फाटकावर आता तो बोर्ड आहे. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाचता येतो. गणिताचा मोफत वर्ग, पाचवी ते दहावी, दर रविवारी दुपारी तीन ते पाच. विरेशचा खेळही रविवारी तीनलाच सुरू होतो.